जुने यंत्र, नवे हात

(धुळे येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. लोखंड कापणाऱ्या यंत्राविषयी मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु एका यंत्राने माझी चूक मला दाखवून दिली, ती आपणांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका कर्मशाळेत, निर्लेखनासाठी काढलेल्या सामानाची छायाचित्रे घेण्यास मी गेलो होतो. कोपऱ्यात एक जुने शेपर यंत्र गंजत पडले होते. यादीत त्याच्यापुढे ‘निकामी’ असा शेरा होता. छायाचित्राखाली मीही तोच शब्द लिहिला. तेथील शिल्प निदेशक शांतपणे म्हणाले, “साहेब, हे बंद पडले आहे, निकामी झालेले नाही.”

खानदेशाला यंत्रे नवीन नाहीत. कपाशीबरोबर येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. भुसावळला रेल्वेच्या कामामुळे कारागिरांची वस्ती वाढली. त्या काळच्या कारखान्यांत एकाच एंजिनावर छताजवळचा लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी यंत्रे चालत. आमचे शेपरही त्याच घराण्यातले. पट्ट्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुल्या त्यावर अजून होत्या. या यंत्राचे मूळ रूप इंग्लंडमधील जेम्स नॅस्मिथ यांनी 1836 च्या सुमारास सिद्ध केले.

निदेशकांनी विद्यार्थ्यांना प्रथम हातोडी नव्हे, तर वही आणि खडू दिला. प्रत्येक भागावर खूण करून, त्याची आकृती काढूनच तो सोडवायचा. रॉकेल आणि ब्रश यांनी जुने, दगडासारखे झालेले वंगण निघाले. तेलाची छिद्रे धुळीने बुजली होती. यंत्र थांबण्याचे मोठे कारण तेच ठरले. सरकपट्ट्यांना कानस लावण्यास मात्र सक्त मनाई होती, कारण यंत्राची अचूकता त्या पृष्ठभागांवरच अवलंबून असते. पट्ट्या मध्यभागी अधिक झिजल्या होत्या. तेथील चाल काढण्यासाठी पाचर आवळली, तर टोकांशी रॅम अडकू लागला. झीज सर्वत्र सारखी नसते, हा धडा मुलांना पुस्तकाआधी हातांनी कळला. शेवटी विजेची मोटर बसवली. पट्ट्याला जाळी, मोटरला अर्थिंग आणि हाताशी बंद करण्याचे बटण, एवढे झाल्यावरच वीज जोडली.

या यंत्राचा मोठा गुण असा की, त्याचे काम डोळ्यांना दिसते. रॅम पुढे जाताना हत्यार धातूचा पातळ थर कापते. परतताना क्लॅपर बॉक्समुळे हत्यार किंचित उचलले जाते आणि कापलेल्या पृष्ठभागावर दाबून घासत नाही. आतील चाक एकाच गतीने फिरते, तरी रॅम जातो सावकाश आणि परततो जलद. कारण चाकावरील खुंटी खाचेच्या झुलत्या दांड्याला चालवते, आणि पुढच्या फेरीत तिला चाकाचा मोठा भाग फिरावा लागतो, परतीला लहान. भूमितीच्या शिक्षकांनी फळ्यावरील वर्तुळाला याहून चांगला दाखला शोधून दाखवावा!

शिकण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी वीज बंद ठेवून एक पूर्ण फेरी हाताने. मग व्हाइसचा जबडा गुण्याने तपासणे. रॅमची धाव कामाच्या लांबीपेक्षा थोडी अधिक ठेवणे, मागील बाजूस जास्त, म्हणजे हत्यार खाली बसण्यास अवकाश मिळतो. धाव लांब, तर वेग कमी. रॅमच्या वाटेसमोर कोणी उभे राहायचे नाही. चालत्या यंत्रावरील कीस हाताने काढायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

काही महिन्यांनी एका गावातील पंपाची पुली तेथे आली. तिच्यातील चावीची खाच फाटली होती. विद्यार्थ्यांनी जागा बदलून नवी खाच कापली आणि पंप पुन्हा चालू झाला. त्या शेतकऱ्याने यंत्राचे वय विचारले नाही.

मित्रहो, प्रत्येक जुने यंत्र वाचवावे, असे माझे म्हणणे नाही. बिडाच्या सांगाड्याला तडा गेला असेल, किंवा सुरक्षित करणे शक्य नसेल, तर ते भंगारातच जावे. मोठ्या उत्पादनात शेपरची जागा मिलिंग यंत्रांनी कधीच घेतली आहे आणि आमच्या मुलांनी संगणकचलित यंत्रेही शिकलीच पाहिजेत. परंतु बटणामागे काय घडते, हे ज्याने एकदा हाताने फिरवून पाहिले, तो नव्या यंत्रापुढेही गांगरत नाही.

म्हणून विनंती एवढीच: आपल्या शाळेच्या, पंचायतीच्या वा कार्यालयाच्या यादीत ‘निकामी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एखाद्या जाणत्या कारागिराला बोलवा आणि यंत्राचे चाक एकदा हाताने फिरवून पाहा. मी तसे केले नव्हते. माझ्या संग्रहातील त्या छायाचित्राखालचा शब्द मी आता खोडला आहे.