कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून



वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही ऐकून बसलेला असतो. आजचा विषय फलकावर वाचून काही जणांना हसू आले असेल, तर त्यात वावगे काही नाही. परसातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि शेतावरचा कुत्रा यांचा संसार एकाच अंगणात कसा चालावा, एवढाच आजचा विषय आहे. तो लहान दिसतो खरा. पण २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात जी ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके मोजली गेली, त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसात वाढणारी होती. म्हणजे हा विषय काही थोड्याथोडक्या घरांचा नाही. आपण शहरात राहत असलो, तरी आपल्यापैकी पुष्कळांची शेती गावाकडे आहे आणि कित्येकांनी गावाबाहेर चार गुंठे घेऊन घर बांधले आहे. तेथे पहिल्या वर्षी झाडे येतात, दुसऱ्या वर्षी कुत्रा येतो आणि तिसऱ्या वर्षी कोणीतरी हौसेने पाच-सहा तलंगा आणतो. आमच्या विषयाला आरंभ होतो तो येथे.

खेड्यात अंड्यांचा पैसा हा बहुधा घरच्या बाईच्या हातातला पैसा असतो. मुलाची वही, पाहुण्याचा चहा, अडीअडचणीचे औषध या गोष्टी त्यातून भागतात. साधी गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली 'वनराजा' शंभराच्या आसपास देते, आणि 'ग्रामप्रिया' नीट सांभाळली तर दीडशेच्या वर जाते. अशा सहा कोंबड्या एका रात्रीत मारल्या गेल्या, तर त्या घराचे किती नुकसान झाले याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, उदमांजर आणि आकाशातून घार व शिक्रा, इतके शत्रू भोवती असताना राखणीला कुत्रा पाहिजेच, असे आपण म्हणतो. आणि एके दिवशी तोच कुत्रा तोंडाला पिसे लागलेला असा अंगणात उभा दिसतो. मराठीत यासाठी म्हण तयारच आहे : कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?

आमचे आज सांगणे एकच आहे. कुत्रा राखणदार म्हणून जन्मत नाही, आणि खुनी म्हणूनही जन्मत नाही. त्याला राखणदार करावे लागते, आणि ते काम माणसाचे आहे. ते न करता कुत्र्यावर भरवसा टाकणे म्हणजे कोंबडीचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही जीव पणाला लावणे होय.

प्रथम या दोन प्राण्यांची कुळकथा पाहू. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे माणसांच्या शेजारी पुरलेल्या कुत्र्याची हाडे सापडली आहेत. ती सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची आहेत. कोंबडीचे घरातले आगमन मात्र पुष्कळ अलीकडचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नोन वाट येथली, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. भाताच्या शेतीत सांडलेल्या दाण्याने लाल रानकोंबडीला माणसाजवळ आणले, असे त्या संशोधकांचे मत आहे. तिच्या रक्तात आपल्या सह्याद्रीचाही अंश आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांची कातडी जी पिवळी दिसते, तो गुण राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली सिद्ध झाले. हा राखी रानकोंबडा आपल्या घाटांतल्या झाडीत आजही आरवतो. या सर्वांचा अर्थ असा की, कुत्रा माणसाच्या दारात आला तो शिकारीचा सोबती म्हणून, आणि त्यानंतर हजारो वर्षे कोंबडीची जात रानातली शिकारच होती. ती अंगणातली सोबतीण झाली, ही कुत्र्याच्या हिशेबी कालपरवाची गोष्ट आहे.

शिकार ही कुत्र्यात एका साखळीने चालते. आधी टक लावून पाहणे, मग दबा धरून पुढे सरकणे, मग धावणे, धरणे, आणि शेवटी मारणे. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जाती निवडताना या साखळीच्या काही कड्या घट्ट केल्या आणि काही सैल केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या विलायती कुत्र्यांत टक लावणे आणि धावणे पक्के आहे. मारण्याची कडी ढिली केलेली आहे. आपला कारवानी, ज्याला मुधोळ म्हणतात, हा नजरेने सावज हेरून धावणारा. त्याच्यापुढून फडफडत काही पळाले, की त्याचे पाय आपोआप सुटतात. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर ज्या कामासाठी त्याला शेकडो वर्षे निवडले ते काम तो करतो म्हणून. ज्याला कोंबड्या पाळायच्या आहेत, त्याने आपला कुत्रा कोणत्या साखळीतला आहे हे आधी ओळखावे. राखणीच्या कुत्र्यांत ही साखळी मुळातच मंद असते, आणि लहानपणाच्या सहवासाने ती अधिक मंद होते.

लहानपण हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याचे गणगोत ठरवणारा असतो, असे त्यांना दिसून आले. या काळात जे प्राणी त्याच्या नित्य पाहण्यात येतात, ते त्याला आपले वाटतात. आपल्या धनगरांना हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. त्यांचे पिल्लू मेंढरांच्या कळपातच डोळे उघडते, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपते. म्हणून ते मोठे झाल्यावर लांडग्यावर धावून जाते आणि मेंढराला धक्का लावत नाही.

मेंढरांच्या बाबतीत हे जमते, पण पक्ष्यांच्या बाबतीत जमेल काय, अशी शंका येईल. तिचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. तेथे वॉर्नाम्बूल नावाच्या गावाच्या किनाऱ्याला लागून मिडल आयलंड नावाचे एक लहानसे बेट आहे. त्यावर टीचभर उंचीचे पेंग्विन पक्षी घरटी करतात. ओहोटीला पाणी उतरले, की कोल्हे पायी बेटावर जात आणि पक्षी मारीत. शेकड्यांनी मोजले जाणारे हे पक्षी २००५ सालापर्यंत दहाच्याही खाली आले. तेव्हा त्या भागातल्या एका कोंबडीपालकाने एक उपाय सुचवला. मोकळ्या रानात चरणाऱ्या आपल्या कोंबड्या तो इटलीच्या मारेम्मा जातीच्या कुत्र्यांकडून राखून घेत असे. जे कोंबड्यांना लागू पडते, ते पेंग्विनांना का पडू नये, असे त्याचे म्हणणे. २००६ साली कुत्रे बेटावर गेले. कोल्हे थांबले आणि पक्ष्यांची संख्या पुन्हा शंभरावर गेली. पण गोष्ट येथे संपत नाही. २०१७ साली समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना काही काळ बेटावर नेता आले नाही. तेवढ्या अवधीत कोल्ह्यांनी शंभराहून अधिक पेंग्विन मारले. घडवलेला कुत्रा पक्षी राखतो, ही या गोष्टीची एक बाजू. आणि राखण ही रोजची गोष्ट आहे, तिला एका रात्रीची सुट्टी नाही, ही दुसरी.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्याकडे येणारा कुत्रा बहुधा गावठी असतो, आणि तो पुष्कळदा वयाची तीन-चार महिने उलटल्यावर येतो. तरीही निराश होण्याचे कारण नाही. त्याला दोरीने धरून, कोंबड्या जाळीआड असताना, दहा-पंधरा पावलांवर बसवावे. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. त्याने टक लावली, की शांतपणे दुसरीकडे वळवावे. आपण होऊन नजर काढली, की भाकरीचा तुकडा द्यावा आणि पाठीवर हात फिरवावा. असे करीत काही आठवड्यांत अंतर कमी करावे. कोंबड्यांच्या पाठीमागे लागण्याचा खेळ एकदाही होऊ देऊ नये, कारण पहिला पाठलाग म्हणजे पहिला धडा असतो. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा कुत्रा हा अंगाने मोठा आणि बुद्धीने पोर असतो. या वयात अधिक कोंबड्या खेळता खेळता मरतात. म्हणून दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला कोंबड्यांत एकटा सोडू नये, मग तो कितीही गुणी दिसो.

दुसरी गोष्ट ताटलीची. एरवी शांत असलेला कुत्रा कोंबडीला चावतो, तो पुष्कळदा अन्नावरून. कोंबडीला ना भीड ना मुरवत; ती सरळ त्याच्या ताटलीत चोच घालते. आपल्या ताटात शेजाऱ्याने हात घातला तर आपण काय करू, याचा विचार करावा, म्हणजे कुत्र्याची बाजू कळेल! कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात गेल्यावर कुत्र्याला जेवू घालावे, म्हणजे हे भांडण उद्भवतच नाही. अंडी दिवसातून दोनदा तरी गोळा करावीत. फुटलेले अंडे जागीच चाटू देऊ नये, टरफले त्याच्यापुढे टाकू नयेत. अंड्याची चव आणि घरट्याची जागा यांची सांगड एकदा बसली, की ती मोडणे कठीण जाते.

कुत्रा चावत नाही, नुसता मागे धावतो, म्हणून काही बिघडत नाही, असे समजणारेही आहेत. एक अंडे कोंबडीच्या पोटात तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ कवच घडण्यात जातो. त्या वेळी ती घाबरली, पळाली, तर अंडे अडते किंवा कवच वेडेवाकडे, पातळ येते. धाकात वावरणारी कोंबडी दाणा खाते, पण अंडे चुकवते.

तिसरी गोष्ट खुराड्याची. कुत्रा आहे म्हणून खुराडे कच्चे ठेवणे, ही काटकसर फार महाग पडते. कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारी षट्कोनी भोकांची बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला किंवा दुसऱ्याच्या कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जोडतारेची मजबूत जाळी हवी, आणि ती जमिनीत हातभर बाहेरच्या बाजूला वळवून पुरावी, म्हणजे उकरणाऱ्याचे पाय जाळीवर येतात. खुराडे खांबांवर दीड-दोन फूट उंच असावे आणि दाराला कडी असावी. अंधार पडण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात, मग डालग्याखाली असोत की खुराड्यात.

आणि येथे राखणदाराच्या जिवाचाही प्रश्न येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून त्याचा आहार शोधण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात रात्रभर साखळीने बांधलेला कुत्रा राखणदार नसतो, आमिष असतो. बिबट्याच्या मुलखात कोंबड्या खुराड्यात, तर कुत्रा बंद पडवीत, असाच नेम पाहिजे. तो आतून भुंकला तरी राखण होते.

आरोग्याचेही दोन शब्द. कोंबड्यांना राणीखेत म्हणजे मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात आणि पुन्हा आठव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस देऊन ती दरवर्षी चालू ठेवावी. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे कधीही टाकू नये. २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून हे सांगणे अधिक निकडीचे झाले आहे. एकाएकी पुष्कळ पक्षी दगावले, तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एखादे सहज मेले, तर चुना घालून खोल पुरावे.

एवढे करूनही एखादे दिवशी कुत्र्याने कोंबडी मारली, तर काय? मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधावी, असा एक जुना उपाय देशोदेशी सांगितला जातो. त्याचा उपयोग शून्य आहे. कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणाच्या कृतीशी जोडतो, तासाभरापूर्वीच्या नव्हे. संध्याकाळी मार खाणाऱ्या कुत्र्याला एवढेच कळते की, मालक घरी आला की मारतो. मग काठी होते, आणि शेवटी एक दिवस पोत्यात घालून त्याला दूरच्या बाजारात नेऊन सोडतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने असे सोडून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधीची एक साक्ष आपल्याजवळ आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर शेवटपर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाणे धर्मराजाने नाकारले. आश्रयाला आलेल्याला टाकू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. आपल्याला स्वर्गाचा त्याग करायला कोणी सांगत नाही. एक जाळी नीट ठोकायला आणि सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ द्यायला सांगत आहेत. ज्याला तेवढेही जमणार नसेल, त्याने कोंबड्या किंवा कुत्रा यांपैकी एकच काय ते पाळावे. त्यात कमीपणा नाही.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाची गोष्ट खरी असेल. पण कुत्रा म्हणजे नुसते शेपूट नव्हे. कुंपण शेत खाते ते कुंपण वाईट असते म्हणून नव्हे, तर ते घालून धनी निजतो म्हणून. अंगणात कोंबड्या निर्भयपणे माती उकरीत आहेत आणि चार हातांवर कुत्रा डोळे अर्धे मिटून पडला आहे, असे एखाद्या घरी दिसले, तर त्या घरच्या माणसांनी दोन वर्षे रोज थोडे थोडे कष्ट घेतले आहेत, असे खुशाल समजावे.