आधी ड्रॉइंग, मग निदान



 नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या पट्ट्यात स्विचगियर आणि पॅनेल बनतात. बंद लाइनपुढे मीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाची घालमेल इथे सांगावी लागत नाही.

अशा बिघाडांच्या निदानाच्या जुन्या संगणकप्रणाली 'हे लक्षण, तर तो दोष' अशा नियमांवर चालत. यादीबाहेरचा बिघाड आला की त्या अडत. रेमंड रायटर यांनी, तसेच योहान द क्लीर आणि ब्रायन विल्यम्स यांनी १९८७ साली दुसरी वाट पक्की केली. उपकरणाची रचना आणि प्रत्येक भागाचे योग्य वर्तन संगणकाला द्यायचे. जे यायला हवे आणि जे आले, त्यांतल्या तफावतीवरून दोषी भाग त्याने शोधायचा.

या विषयातले नेहमीचे छोटे सर्किट घ्या. गुणाकार करणारे तीन गुणक, बेरीज करणारे दोन बेरजक. पहिल्या बेरजकात पहिल्या-दुसऱ्या गुणकाची उत्तरे जातात, दुसऱ्यात दुसऱ्या-तिसऱ्याची. दोन्हीकडे १२ यायला हवेत. पहिल्याकडे १० आले, दुसऱ्याकडे १२च. दुसरा गुणक एकटा बिघडला असता, तर दुसरे उत्तरही चुकले असते. म्हणजे दोष एकच असेल, तर संशयित दोनच: पहिला गुणक किंवा पहिला बेरजक. मीटर कुठे लावायचा तेही ठरले, पहिल्या गुणकाच्या आउटपुटला. संशय कोणावर आणि का, हे ही पद्धत उघड सांगते, आणि मला तिचे खरे मोल इथेच वाटते. फीडरवर हात घालणाऱ्या वायरमनला ते 'का' कळलेच पाहिजे.

मे १९९९मध्ये नासाच्या 'डीप स्पेस वन' यानावर याच विचाराची 'लिव्हिंगस्टन' प्रणाली चालली. विल्यम्स आणि आयआयटी मुंबईत शिकलेले पांडुरंग नायक यांचे ते काम. कॅमेऱ्याचा स्विच बंदच होत नाही, असे मुद्दाम रचलेले बिघाड तिने यानावरच ओळखले.

संगणकाला द्यायची रचना ड्रॉइंगमधून येते, आणि आपल्याकडे अडते ते ड्रॉइंगपाशी. साइटवर रिले बदलतो, घाईत एखादी जंपर पडते, आणि कागद जुनाच राहतो. चुकीच्या ड्रॉइंगवर उभे केलेले मॉडेल चांगल्या भागालाच दोषी ठरवेल. म्हणून उत्पादकांना विनंती, पॅनेलसोबत संगणकाला वाचता येईल अशी रचना द्या. मेंटेनन्सच्या मित्रांनो, केलेला बदल त्याच पाळीत नोंदवा. आणि संशोधकांनी व कारखान्यातल्या मंडळींनी या परिषदेतच एकत्र बसून त्या नोंदीचा एक सामाईक नमुना ठरवावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.