आधी आस, मग पेटी



मोटारीमागे जोडायचा बंदिस्त ट्रेलर, म्हणजे भिंती, छत आणि दार असलेली दोन चाकांवरची पेटी, घरच्या गॅरेजात स्वतः बांधण्याची हौस अमेरिकेत १९३० च्या दशकापासून दिसते. दोन माणसांना आत झोपता येईल एवढाच, मागे निमुळता होत गेलेला थेंबाच्या आकाराचा ट्रेलर त्याच काळातला असून, ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात अशा ट्रेलरचे आराखडे छापले होते. ही परंपरा तिथे आजही चालू आहे, आणि यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे पाहावे असे एक कारण तिच्यात आहे: या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, जिच्यासाठी तो घ्यायचा ती वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

पहिल्यांदा ट्रेलर बांधणारा मनुष्य हे काम मुख्यतः सुतारकामाचे समजतो, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते, कारण पेटीची मापे बहुधा प्लायवूडच ठरवते. आपल्याकडच्या लाकूडबाजारात ‘आठ बाय चार’ म्हणून मागितला जातो तोच फुटांच्या मापाचा तक्ता अमेरिकेतही प्रमाण मानला जात असल्यामुळे, चार फूट रुंद व आठ फूट लांब पेटी कमीत कमी कापाकापीत उभी राहते. सांगाडा काटकोनात आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून ते समान भरतात का यावरून कळते, आणि एवढी काळजी घेतली तर भिंती बसवताना फारसा त्रास होत नाही. कठीण प्रश्न भिंतींच्या खाली, चाकांचा आस सांगाड्याला नेमका कोठे जोडायचा, हा असतो.

ट्रेलरचे वजन चाके आणि पुढची दांडी यांच्यात वाटले जाते, आणि दांडीचे टोक मोटारीच्या मागच्या, जोडणीच्या गोळ्यावर जेवढे वजन टाकते त्याला दांडीभार म्हणता येईल. अमेरिकेतील प्रचलित नियमानुसार हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तो फार वाढला तर मोटारीचा मागचा भाग दबतो व पुढच्या चाकांची पकड सैलावते. पण तो कमी पडला तर होणारे नुकसान अधिक गंभीर असते, कारण गुरुत्वमध्य आसाच्या जवळ किंवा मागे गेल्यावर बाजूने गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याने बसलेला एखादा हेलकावा विरत नाही, उलट विशिष्ट वेगाच्या पुढे प्रत्येक झोल आधीच्या झोलाहून मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलरच मोटारीला ओढू लागतो. मागे ओझे जास्त झालेली बैलगाडी उलाळते तेव्हा निदान ती जागच्या जागी उलाळते. इथे तोच दोष ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला प्रकट होतो.

याचे गणित आघूर्णाच्या, म्हणजे बल आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या, एका समीकरणात मावते. गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर असेल, तर १० ते १५ टक्के दांडीभारासाठी गुरुत्वमध्य आसाच्या पुढे ३० ते ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडला पाहिजे. म्हणजे बांधणाऱ्याच्या हातात जी सूट उरते ती १५ सेंटिमीटरची, पुरती वीतभरही नाही. गुरुत्वमध्य कोठे पडेल हे सांगायला न बांधलेल्या पेटीच्या प्रत्येक भागाचे वजन आणि त्याची जागा आधी कागदावर मांडावी लागते. १८ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता साधारण ३२ किलोचा भरतो, १ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा प्रत्येक चौरस मीटरला २.७ किलोचा असतो, आणि स्वयंपाकाची सोय मागच्या झडपेखाली करण्याची जी जुनी रीत आहे तिच्यामुळे शेगडी, भांडी आणि पाण्याची टाकी हे सगळे नेमके नको त्या बाजूला जमा होते. पेटी देखणी झाली की ही मांडणी करण्याचा कंटाळा कोणाच्या लक्षातही राहत नाही, हे मात्र खरे.

आसानंतरचा शत्रू पाणी. छताचा पत्रा उन्हाने तापतो व रात्री निवतो, आणि तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २.४ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे २.२ मिलिमीटरने लहानमोठा होतो, तर त्याखालचे प्लायवूड उष्णतेने तेवढे हलत नाही. म्हणून अनुभवी कारागीर पत्रा सगळीकडे जखडून टाकत नाहीत, तर तो कडांवरच्या पट्ट्यांखाली दाबून धरतात आणि सांध्यांत ब्युटाइलची, म्हणजे कधीच पूर्ण न वाळणाऱ्या रबरी लुकणाची, पट्टी घालतात. आतून येणारे पाणी वेगळे: झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड भिंतींवर दवासारखी साचत असल्यामुळे छतात झरोका ठेवणे ही चैन नसून गरज आहे.

दिव्यांची जोडणी त्या मानाने सोपी, कारण चार तारांचे रंग अमेरिकेत ठरलेले आहेत: पांढरी परतीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या बाजूची. घरी बांधलेल्या ट्रेलरला नोंदणीपूर्वी तपासणी करून ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था अनेक राज्यांत आहे.

गुरुत्वमध्याचा कागदावरचा अंदाज खरा ठरला का, हे पाहण्यासाठी स्नानगृहातला साधा वजनकाटाही पुरतो. एक भक्कम फळी एका टोकाला विटेवर व दुसऱ्या टोकाला काट्यावर टेकवून, ट्रेलरची दांडी विटेपासून एक तृतीयांश अंतरावर ठेवली, की काट्यावर दांडीभाराचा तिसरा हिस्सा दिसतो, अर्थात फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करून. आकडा कमी भरला तर बॅटरी किंवा जादा चाक पुढे सरकवतात. आणि तेवढ्याने भागत नसेल, तर आसाचे पाटे सांगाड्याला वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडणाऱ्याला तो आस काही सेंटिमीटर मागे नेण्याची सोय अजून शिल्लक असते.