हात आधी पुढे होतो



भीती या विषयावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. मोघम भीतीवर मला बोलता येणार नाही. नोकरीची सगळी वर्षं जिच्या सोबतीनं काढली, त्या एकाच भीतीवर बोलतो. कुष्ठरोगाची भीती; हा रोग तपासणं हीच माझी नोकरी. आपल्या वऱ्हाडात जुनी माणसं अजून ‘महारोग’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली घेऊन. मी ख्रिस्ती आहे. त्यामुळे ज्ञान आणि अनुभव यांच्या जोडीला श्रद्धेबद्दलही बोलणार आहे, आणि आडपडदा न ठेवता बोलणार आहे.

अज्ञान गेलं की भीती जाते, असं आपण धरून चालतो. या रोगाच्या बाबतीत उलटंच घडलं. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. आर्मावर हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. तोवर बरेच नामांकित डॉक्टर हा रोग आनुवंशिक मानत होते. जंतू सापडला, आणि भीती ओसरायच्या ऐवजी वाढली. रोग रक्तातून येत असेल तर तो त्या घराचा प्रश्न. पण जंतूतून येत असेल तर उद्या माझ्या दारात. १८९७ साली बर्लिनला परिषद भरली, तिनं रुग्णांना वेगळं ठेवण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा झाला. भीक मागत फिरणाऱ्या रुग्णाला विनावॉरंट पकडून आश्रमात डांबता येऊ लागलं. तो केंद्रीय कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. औषध निघून कितीतरी वर्षं लोटली होती, तरी कायदा मात्र जागचा हलला नव्हता.

आता पुढचं ज्ञान ऐका, कारण ते ऐकल्यावर जीव खरोखरच भांड्यात पडतो. हा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांच्या अंगात त्याला थोपवण्याची ताकद उपजतच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आता थोडे चट्टे असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने औषध घ्यायचं. आणि उपचार सुरू झाले की रुग्णाकडून लागण व्हायचं लवकरच थांबतं. १९८१ साली देशात दर दहा हजारांमागे ५७ हून अधिक रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आलं.

हे सगळं पाठ असूनही हात पुढे होत नाही, ही गोष्ट पुस्तकात नसते. आपल्याकडच्या मालेगाव तालुक्यातल्या एका अंगणात मी एका तरुण शेतमजुराची तपासणी करत होतो. या तपासणीला यंत्र लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक कातडीला हलकेच टेकवायचं आणि टेकवलं त्या जागी बोट ठेव म्हणायचं. चांगल्या कातडीवर त्याचं बोट अचूक यायचं. पाठीमागे खांद्याखाली फिकट चट्टा होता, तिथे पेन टेकवलं. तो डोळे मिटून तसाच बसून राहिला. “लावलं का साहेब?” मग मी त्याचा कोपर हातात घेतला. तिथली नस बोटाखाली दोरीसारखी जाड लागली. कुडापाशी शेजारीपाजारी उभे होते. त्यातला एकही जण माझ्या हातातल्या पत्रकाकडे बघत नव्हता. साहेब याला हात लावतो का, किती वेळ लावतो आणि नंतर हात कशाला पुसतो, यावर सगळ्यांचे डोळे. तपासून झाल्यावर त्याच्या आईनं चहा आणला. त्या कपाकडेही सगळे बघत होते. मी चहा प्यालो. मग कुठे लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

इथे श्रद्धेचं काम येतं. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसानं वस्तीबाहेर राहायचं. त्या काळी त्या नावाखाली बरेच त्वचारोग मोडत, हे खरं. माझं लक्ष क्रमाकडे आहे. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि तो बरा होतो तो त्यानंतर. बरा झाल्यावर त्याला जवळ घेणं कुणालाही जमलं असतं. माझ्यापुरतं सांगतो, ज्ञानानं मला निर्धास्त केलं आणि अनुभवानं पक्कं केलं. पण पहिल्यांदा हात पुढे झाला तो या ओळखीच्या कथेमुळे.

श्रद्धेतून पुढे झालेल्या अशा हाताचा शेजार आपल्या वाशीमलाही आहे, जरी तिथली भीती वेगळी होती. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन तरुणी नाझरीन मिशनतर्फे १९३६ साली भारतात आली आणि १९३८ साली इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. बाईमाणसाला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरादाराला धसका, असा तो काळ. बाईला तपासणारी डॉक्टरही बाईच आहे, हे कळण्यानं आणि गेलेली बाई बाळ घेऊन घरी परतली, हे दिसण्यानं असा धसका कमी होतो.

श्रद्धा असली की भीती फिरकत नाही, असं मात्र कुणी समजू नये. डॉ. पॉल ब्रँड यांचंच पाहा. मिशनऱ्यांच्या पोटी तामिळनाडूच्या डोंगरात जन्मलेला हा शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरला आला. रुग्णांची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला चटका कळत नाही, जखम कळत नाही, म्हणून ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिलं. एकदा प्रवासातून लंडनला मुक्कामी पोचल्यावर मोजा काढताना त्यांना टाच बधिर वाटली. टाचणी टोचली, दुखलं नाही. रात्रभर ते आपलं पुढचं आयुष्य मोजत पडून राहिले. सकाळी पुन्हा टोचली आणि कळ आली. प्रवासात बसून नस दबली होती, एवढंच. हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि पुढेही वर्षानुवर्षं कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त करत राहिले. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते. गांधीजींनी ज्यांना ‘अभय साधक’ म्हटलं, तेही वरोऱ्याला तुळशीराम नावाच्या रुग्णाला पाहून आधी दूर पळाले होते. ते मागे फिरले, म्हणून आनंदवन उभं राहिलं.

आज रोगापेक्षा सोयरिकीची धास्ती मोठी आहे. औषध पूर्ण केलेला बाप मुलीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभा राहतो. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. घराघरात ही बातमी अजून पोचलेली नाही.

दर वर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन असतो आणि त्या निमित्तानं गावोगाव सभा होतात. त्या सभेत बरा झालेला माणूस बोलायला उभा राहिला तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसा. आणि अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर आशाताईंना दाखवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध, दोन्ही मोफत आहेत.