झोपेत दात खाणे

जालन्यात दातांचा दवाखाना चालवताना एक तक्रार मी नेहमी ऐकतो : "डॉक्टर, पोरगं रात्री करकर दात खातंय. जंत झाले की काय?" 2015 पासून शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती मुलांना जरूर द्यावी; पण जंतांमुळेच दात खाल्ले जातात, याला भक्कम आधार नाही. लहानपणी ही सवय बरीच आढळते आणि बहुधा वयाबरोबर जाते. म्हणून मुलाला रागावू नये.

मोठ्यांचे वेगळे. झोप क्षणभर चाळवते, जबड्याचे स्नायू आवळतात आणि दातावर दात घासतो. ताण, तंबाखू, दारू, जास्त चहा-कॉफी यांनी हे वाढते. नैराश्यावरील काही औषधांनीही वाढते. पण ती स्वतःहून बंद करू नयेत. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा कानशिले दुखतात म्हणून बागाईतदार माझ्याकडे येत. रोलिंग मिलमधले कामगार आजही येतात. येतात ते दात झिजून ठणकू लागल्यावर. दाताचे एनॅमल एकदा झिजले की पुन्हा येत नाही.

सकाळी जबडा जड वाटतो? घरच्यांना आवाज येतो? मग वेळीच दाखवा. मापाने बनवलेले, रात्री घालायचे आवरण दात वाचवते. सवय मात्र मोडत नाही. सोबत मोठे घोरणे, श्वास अडखळणे असेल तर झोपेचीही तपासणी करावी. आणि दात खाणाऱ्या माणसाची चेष्टा करण्याऐवजी, त्याला कसला घोर लागला आहे, हे घरच्यांनी एकदा विचारावे.