पुठ्ठ्याची विमाने आणि टेबलावरचे आकाश
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठी-कन्नड अनुबंध असे भारदस्त विषय हाताळले. आमच्या नावापुढे चिटणीसांनी ‘पुठ्ठ्याची विमाने’ असे छापले, तेव्हा काही मंडळींना ती छपाईतली चूक वाटली असावी. ती चूक नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेला, केंद्र सरकारच्या सेवेत असलेला, आणि पदवीने निव्वळ बी. ए. असलेला मनुष्य रविवारी सकाळी कात्री व डिंक घेऊन बसतो आणि मंडळाची आठ-दहा मुले त्याच्याभोवती कोंडाळे करतात, ही गोष्ट खरी आहे. मुले काय करतात, हे त्यांच्या आईवडिलांस कळावे, एवढ्यासाठी आजचे हे भाषण.

आम्ही करतो ती विमाने उडत नाहीत. बाजारात तयार भागांचे संच मिळतात, तसलेही हे काम नव्हे. साधा पुठ्ठा घ्यावयाचा, खऱ्या विमानाची मापे घ्यावयाची, त्यावरून स्वतः आकृती काढावयाची, ती कापून, वळवून, चिकटवून विमान उभे करावयाचे. आणि मग ती विमाने टेबलावर मांडून एखादी प्रत्यक्ष घडलेली हवाई लढाई नियमाने खेळून पाहावयाची. युरोपात असल्या खेळांची परंपरा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा एक खेळ स्वीकारला गेला. फ्रेड जेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९८ मध्ये आरमारी लढायांचा खेळ प्रसिद्ध केला. एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले.

परंतु पटावर लढाई मांडण्याची कल्पना ज्या देशात चतुरंग जन्मले त्या देशाला नवी नाही, आणि म्हैसुरास तर नाहीच नाही. मुम्मडी कृष्णराज वडेयर ह्यांना पटावरील खेळांचा केवढा नाद! बुद्धिबळाचा घोडा चौसष्ट घरांतून, एकही घर दोनदा न शिवता, फिरवून आणण्याच्या कोड्यावर त्यांनी केवढी बुद्धी खर्चिली! जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर त्यांचे पट रंगविलेले आहेत. पाहुण्यांना आपण राजवाडा दाखवितो, प्राणिसंग्रहालय दाखवितो, आणि ह्या भिंतींसमोरून भराभर पुढे जातो. एकदा तेथे थांबावे, अशी आमची शिफारस आहे.

दुसरा धागा आपल्या घरचा. दिवाळीत माती, दगड आणि गोणपाट ह्यांचा किल्ला आपण सर्वांनीच केला आहे. अळीव पेरून केलेली हिरवळ, वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यापायऱ्यांवर मावळे; आणि एखाद्या उत्साही मुलाने पायथ्याशी उभी केलेली मोटार किंवा दोऱ्याने टांगलेले विमान. शिवकालात विमान कोठून आले, असे कोणी विचारीत नसे. येथे म्हैसुरात शेजाऱ्यांकडे नवरात्रात बाहुल्यांची मांडणी होते. वरच्या पायरीवर राजा-राणीची जोडी, आणि खालच्या पायरीवर मुलांनी आपल्या हातांनी रचलेली बाग किंवा गाव. आपली मुले दोन्ही पाहत वाढतात. सदनिकेच्या सज्जात मातीचा किल्ला करणे आता अवघड झाले आहे. पुठ्ठ्याला मात्र जेवणाचे टेबल पुरते.

आता प्रत्यक्ष कृती. ह्या गावात पुठ्ठ्याला तोटा नाही. साडीची पेटी, सदऱ्याच्या घडीतला पुठ्ठा, लग्नपत्रिका, आणि सर्वांत उत्तम म्हणजे अगरबत्तीचे खोके; त्याच्या विमानाला आठवडाभर चंदनाचा वास येतो. (सरकारी फायलीचे पुठ्ठे अगदी योग्य जाडीचे असतात, हे आम्ही केवळ माहितीसाठी सांगतो. एकही फाईल ह्या कामी आलेली नाही.) प्रमाण आम्ही एका मीटरास एक सेंटिमीटर असे ठरविले आहे. त्यामुळे गणित सोपे होते आणि मुलांना ते गणित वाटत नाही. नॅट विमान ८.७४ मीटर लांब, म्हणजे आमचे पावणेनऊ सेंटिमीटर. त्याच्या पंखांचा विस्तार पावणेसात. त्याच्याशी लढलेले सेबर ११.४ लांब आणि जवळजवळ तितकेच रुंद. दोन्ही शेजारी ठेवली की, ‘नॅट लहान होते म्हणून नजरेस पडत नसे’ हे वाक्य निराळे समजावून द्यावे लागत नाही.

पुठ्ठा एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने वळविताना मोडतो. कापण्यापूर्वी तुकडा हातात घेऊन ही दिशा ओळखावी, हा पहिला धडा. दीड सेंटिमीटर व्यासाची नळी हवी असेल तर ४.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी आणि चिकटविण्यासाठी अर्धा सेंटिमीटर अधिक धरावा. पट्टी पेन्सिलीवरून हळूहळू ओढून आधी तिला बाक द्यावा. घडीच्या रेघेवरून शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवावे, म्हणजे घडी सरळ पडते. नळीचा आकार टिकावा म्हणून आत पुठ्ठ्याच्या चकत्या बसवाव्यात. डिंक थोडका लावावा. मुलांना हे शंभरदा सांगावे लागते. पंख शेवटी, आणि दोन्ही बाजूंचे पंख एकाच घडीतून एकदम कापावेत, म्हणजे उजवा-डावा फरक राहत नाही. आपल्या वायुसेनेचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ आणि समोरच्यांचे हिरवे-पांढरे, दोन्ही कंपासने सारख्याच निगुतीने काढावयाची, असा आमच्या टेबलाचा दंडक आहे. विमान तयार झाले की अगरबत्तीची काडी शाडूच्या गोळ्यात रोवून त्यावर ते बसवितो. काडीवर दोऱ्याचे वेढे बांधलेले असतात. ते उंचीचे टप्पे.

ह्या कामात एक विमान आम्हांस विशेष भावते. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले स्टारफायटर. लांबी साडेसोळा मीटरांहून अधिक आणि पंखांचा विस्तार पावणेसातच्या आत. जणू काडीला दोन पाकळ्या चिकटविल्या आहेत. त्या पंखाची पुढची कड अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असे. जमिनीवर विमान उभे असताना कोणाचा हात कापू नये म्हणून तिच्यावर आवरण चढवीत. म्हणजे आमच्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याची कड आणि खऱ्या विमानाची कड जाडीने जवळपास सारखीच! हे ऐकल्यावर एका मुलाने आपल्या पंखावरून बोट फिरवून पाहिले, आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

हे विमान आम्ही केले ते एका विशिष्ट लढाईसाठी. ७ सप्टेंबर १९६५ रोजी आपली मिस्टियर विमाने पंजाबातील आदमपूरहून निघून पाकिस्तानच्या सरगोधा तळावर चालून गेली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाड देवय्या त्या दिवशी राखीव वैमानिक होते. ते आपल्या शेजारच्या कोडगूचे, वय बत्तीस. त्यांच्या मिस्टियरला पाकिस्तानच्या फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन ह्यांच्या स्टारफायटरने गाठले. मिस्टियरचा वेग ध्वनीपेक्षा कमी, तर स्टारफायटरचा ध्वनीच्या दुप्पट. पळून सुटणे शक्य नव्हते. देवय्यांनी विमान वळविले आणि झुंज दिली. स्टारफायटर पडले, अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचले. देवय्या परत आले नाहीत. पुढे कित्येक वर्षे ह्या झुंजीचा आपल्याकडे कोणाला पत्ता नव्हता. जॉन फ्रिकर ह्या ब्रिटिश लेखकाच्या १९७९ च्या पुस्तकातून पलीकडची हकीकत पुढे आली, आणि १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. २०२५ मध्ये आलेल्या ‘स्काय फोर्स’ ह्या हिंदी चित्रपटामागे हीच घटना आहे. मुलांनी तो पाहिला होता. तरीही त्यांचा एक प्रश्न अनुत्तरितच राहिला होता: जलद विमान हरले कसे?

टेबलाने त्याचे उत्तर दिले. निळ्या चादरीवर आम्ही चौकडी आखली आहे. स्टारफायटर एका खेपेस बारा घरे जाते, पण सहा घरे सरळ गेल्याखेरीज त्याला वळता येत नाही. मिस्टियर सहाच घरे जाते, परंतु दर दोन घरांनी वळते. गोळी फक्त समोरच्या तीन घरांत. नेम लागला की नाही, हे कवड्या ठरवितात. स्टारफायटर ज्याच्याकडे होते त्या मुलाने पहिल्या तीन खेपांत मिस्टियरला हैराण केले. चौथ्या खेपेस तो मोहाने वेग न राखता वळणात शिरला, आणि वळता वळता चादरीच्या कडेपर्यंत गेला. तोवर मिस्टियर आतल्या बाजूने वळून त्याच्या पाठीशी होते. प्रत्यक्षात त्या आकाशात नेमके असेच घडले, असा दावा आम्ही करीत नाही. आमचे नियम ढोबळ आहेत आणि ते आम्हीच केलेले आहेत. परंतु वळण्याचा निर्णय म्हणजे काय, हे त्या मुलांना त्या दिवशी उमगले. आम्ही खेळ आठ वेळा मांडला. आठांपैकी सहा वेळा मिस्टियर पडले.

येथे एका माउलीने आमच्यापुढे घातलेला प्रश्न सांगणे प्राप्त आहे. त्यांचे बंधू सैन्यात होते. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, माणसे मेली त्याचा तुम्ही मुलांना खेळ करून देता. हे बरे का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि आजही नाही. वेल्ससारख्याने आपल्या त्याच पुस्तकात, खरे युद्ध हा किती ढिसाळ आणि महागडा मूर्खपणा आहे हे खेळून कळते, असे म्हटले होते. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा खेळाने माणूस शहाणा होतो, असे आम्ही त्या बाईंना सांगू शकलो नाही. आम्ही एवढेच केले की, त्यांना पुढच्या रविवारी बोलाविले. आमच्याकडे पडलेले विमान डब्यात टाकीत नाहीत. ते टेबलाच्या कडेला ठेवतात आणि त्यापुढे पुठ्ठ्याची पाटी: वैमानिकाचे नाव, गाव, तारीख. दोन्ही बाजूंच्या वैमानिकांची. घरी मराठी बोलणाऱ्या पण शाळेत ती न शिकलेल्या एका मुलीने देवय्यांची पाटी देवनागरीत लिहिली. ‘य्य’ हे जोडाक्षर तिने तीनदा खोडून काढले. बाईंनी ती पाटी बराच वेळ हातात धरली. त्या पटल्या की नाही, हे त्यांनी सांगितले नाही; मात्र त्यांचा नातू आता नियमाने येतो.

टेबलावर आम्ही मराठीच बोलतो. सक्ती म्हणून नव्हे. नाक, पंख, शेपूट, घडी, कड, बाक, चकती असे सगळे शब्द हाताशी असताना दुसरे शोधावेत कशाला? कन्नड शेजाऱ्यांची दोन मुलेही येतात. ‘चिकटव’ आणि ‘जरा थांब’ एवढे मराठी त्यांना पक्के आले आहे.

पुढील काम नॅटचे. ही विमाने बंगळूरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये बांधली गेली, म्हणजे ती जवळजवळ आपल्या अंगणातलीच. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे चार नॅटनी सेबरांशी झुंज दिली, ती मांडावयाची आहे. चार नॅट आणि तीन सेबर लागतील. ज्यांच्या घरी लग्नपत्रिका साठल्या असतील त्यांनी त्या रद्दीत न देता रविवारी सकाळी दहा वाजता मंडळात आणाव्यात. जाड, गुळगुळीत आणि एका बाजूने कोऱ्या असतील तर अधिक बरे. कात्री प्रत्येकाने आपापली आणावी.