धर्माचा उगम आणि जिराईत माणूस



धर्म भयातून जन्मला, एवढे सांगून पुष्कळ पुरोगामी कार्यकर्ते या विषयातून मोकळे होतात. हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे, याचा प्रत्यय बारामती-इंदापूरच्या माळावरच येतो.

सह्याद्री ढग अडवतो, म्हणून हा मुलूख पर्जन्यछायेत राहिला. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्यापूर्वी शतकानुशतके येथील माणूस पावसाच्या भरवशावर जिराईत करी, अथवा मेंढरे घेऊन चाऱ्यामागे हिंडे. बिरोबा, खंडोबा, म्हसोबा, शिवेवरची मरीआई ही त्या जगण्यातली दैवते होत. पाऊस लांबला, कळपात रोग शिरला, तर गाऱ्हाणे ऐकणारे कोणीतरी हवे होते. पश्चिम महाराष्ट्रातील यात्रांच्या वाटांचे नाते प्राचीन पशुपालकांच्या हंगामी भ्रमंतीशी आहे, असे दामोदर कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात मांडले. देव आधी वाटेवर उभा राहिला. शेतीत वाढावा उरू लागल्यावर देऊळ, पुजारी आणि इनाम आले.

भयाइतकीच सोबतीची भूकही मोठी असते. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, बेलवाडी, इंदापूर या वाटेने पंढरीस जाते. एरवी बांधावरून भांडणारी माणसे त्या वाटेवर एकमेकांच्या पाया पडतात. हा समतेचा अनुभव खरा असतो. परंतु त्या वाटेच्या शेवटचे देऊळ १९४७ पर्यंत अस्पृश्यांना बंद होते. ते खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. धर्माने समतेची ओढ जागवली. तिला हक्काचे रूप मात्र संघर्षाने दिले.

पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले. पळसदेवचे प्राचीन देऊळ जलाशयात गेले. पाणी खूप ओसरले की ते उघडे पडते आणि माणसे दर्शनाला लोटतात. कालवे आले, ऊस आला, तरी देव ओसरले नाहीत. कारण अनिश्चितता ओसरली नाही. पावसाच्या चिंतेत भावाची, कर्जाची, मजुरीची चिंता मिळाली.

म्हणून श्रद्धेची टवाळी करणारा कार्यकर्ता गरिबापासून तुटतो, आणि मतांसाठी पालखीला खांदा देणारा त्याला फसवतो. पाणी, दाम आणि काम यांची शाश्वती मिळवून देणे हे आपले काम आहे. ती मिळाल्यावर माणूस देवापुढे उभा राहिलाच, तर तो निदान भयाने राहणार नाही.